लेहोलींच्या घळीतली लाल माती

मामोएती गेली तेव्हा तिच्या घराच्या भिंतीवर एकसुद्धा रेघ नव्हती. नुसतं करडं सारवण. जिच्या भिंती बघायला पलीकडच्या खोऱ्यातल्या बायका पायपीट करून यायच्या, तिची ही भिंत. मयताला जमलेल्या बायका म्हणाल्या, म्हातारी थकली होती, हात उचलत नसतील. मी तिथेच त्यांना गप्प केलं. हात चांगले चालत होते. थंडी सरता सरता तिने माझ्या ब्लँकेटची किनार शिवून दिली होती, आणि शिवता शिवता माझ्या वाढत्या घेरावरून टोमणेही मारले होते. भिंत कोरी का होती ते मला ठाऊक आहे. माझ्याखेरीज तिने ते कुणाला सांगितलं नाही. मला हे असं पोटात ठेवून बसणं जमत नाही, म्हणून लिहिते.

ती आमच्या हा-लेबोना गावात नवरी म्हणून आली त्याच सुमाराला मी आमच्याच डोंगरांतल्या रोमा गावच्या कॉलेजातून पदवी घेऊन इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. नवरी दारात आली, मेंढी कापली गेली, आणि सासूने नेहमीप्रमाणे तिला नवं नाव दिलं. आमच्याकडे बाईचं नाव म्हणजे तिच्या पहिल्या मुलाची आई. मूल अजून पोटातही नसतं, पण त्याचं नाव ठरलेलं असतं आणि त्याच्या नावाने आईला हाक सुरू होते. सासूने मोएती हे नाव निवडलं, म्हणून ही मामोएती, मोएतीची आई.

मोएती काही आला नाही. सासूने मुळ्या उकळून पाजल्या, माफेतेंगच्या दवाखान्यात नेलं, मग नाद सोडला. नवरा वेल्कमच्या सोन्याच्या खाणीत होता. तो आधी सुट्टीला यायचा, मग सुट्ट्या विरळ झाल्या, मग तिकडेच दुसरी बाई करून राहिला. आणि ही जन्मभर, चूल पेटवल्यापासून दिवा विझवेपर्यंत, न झालेल्या पोराच्या नावाने हाक ऐकत राहिली. मला हा रिवाज तेव्हाही पटत नव्हता, आजही पटत नाही. पण रिवाज माझी परवानगी मागायला येत नाही.

धाकटी जाऊ मासेलोआने. तिच्या बाबतीत सगळं सुरळीत झालं. वर्षाच्या आत सेलोआने जन्मली, मागोमाग आणखी भावंडं. पण दीर, म्हणजे तिचा नवरा, खाणीतून छातीचं दुखणं घेऊन आला आणि गेला. मग मासेलोआने जोहान्सबर्गला गोऱ्यांच्या घरी कामाला राहिली आणि पोरं मोठ्या जावेच्या ओटीत पडली. ख्रिसमसला ती यायची, बिस्किटांचे डबे आणि मालकिणीच्या मुलींचे जुने फ्रॉक घेऊन. मी तिला दोष देत नाही; तिच्या पगारावरच चूल पेटत होती. पण गोवरात उशाशी बसणं, शाळेत धाडणं, पाठीला बांधून शेतात नेणं, हे सगळं मामोएतीने केलं. पोरं तिला मोठी आई म्हणायची. गाव मात्र सेलोआनेची आई म्हणून दुसऱ्याच बाईला हाक मारायचं, आणि ती बाई तर जोहान्सबर्गला लाद्या पुसत होती.

आता लेहोलींकडे वळते. जोहान्सबर्गच्या छपरांवर साळुंक्या भांडत असतात ना, त्यांच्याच घराण्यातलं हे पाखरू, पण राहणीने पक्कं आमच्यासारखं खेडवळ. काळपट तपकिरी अंग, उन्हात धरलं तर हिरवट झाक. शेपटीखाली पांढरं. चोचीच्या कोपऱ्यात पिवळाधमक ठिपका, जणू अंडं खाऊन तोंड पुसायचं राहिलं. आणि डोळा पांढरा, इतका पांढरा की पाखरू सदा दचकल्यासारखं दिसतं. मेंढ्यांच्या मागे थव्याने चालायचं, खुरांनी उडवलेले किडे टिपायचे, दमलं की मेंढीच्याच पाठीवर बसून पुढे जायचं. संध्याकाळी लव्हाळ्यात शेकड्यांनी उतरून असा कलकलाट करायचा की माझ्या शाळेतली पोरं त्यापुढे शहाणी वाटावीत.

सप्टेंबरात आमच्याकडे वसंत लागला की लेहोली गावाखालच्या घळीत घरं करायच्या. पावसाने जमीन फाडून केलेली खोल घळ, तिची एक बाजू उभी, लाल मातीची. त्या दरडीत चोचीने आणि पायांनी उकरून हातभर खोल बीळ, आत गवत, लोकर, चिंध्या. माझ्या टोपीचा गोंडा त्यांनीच पळवला असा माझा आरोप होता. मामोएती म्हणायची, बाई, त्या टोपीला पाखरूसुद्धा शिवणार नाही.

घळीच्या काठावर आम्ही दोघी रविवारी बसायचो. मी प्रार्थनेला कंटाळून आलेली, ती धुणं वाळत टाकून. तिथे एकदा तिने मला हटकलं.

"बाई, त्या वरच्या बिळाकडे बघा. दोघं चारा देऊन गेली. आता हे तिसरं. याचा डोळा काळा आहे."

"मागच्या वर्षीचं पिल्लू असेल. लहानपणी डोळा काळाच असतो. धाकट्या भावंडांना भरवतंय."

"आणि हे चौथं? याचा तर पांढराफटक आहे. वय झालंय की. याचं स्वतःचं बीळ कुठाय?"

"नसेल. लेहोलींमध्ये असतात अशी. स्वतःची अंडी नाहीत, पण दुसऱ्याच्या बिळावर राबतात. मी वाचलंय त्यावर."

"काय लिहिलंय? का राबतात?"

"चार विद्वान, चार मतं. कुणी म्हणतं नात्यातली असतात, कुणी म्हणतं थव्यात जागा मिळावी म्हणून. आणि तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? पिल्लं ओरडतात, म्हणून." मग बिळाकडे बघत म्हणाली, "पिल्लू आई कुणाला म्हणतं?"

"कुणालाच म्हणत नाही. चोच उघडतं. जो आणेल त्याचं खातं."

ती खो खो हसली. "चांगलं आहे. आमच्यापेक्षा चांगलं आहे!"

त्यानंतर ती राबणारी पाखरं तिने ओळखायलाच सुरुवात केली. एकाची शेपूट झडलेली, एक लंगडं. रोज मला त्यांची बातमी. मी कधी ऐकायची, कधी म्हणायची, मला पोरांच्या वह्या तपासायच्यात, तुझी लंगडी मावशी उद्या सांग.

आता त्या लाल मातीचं. भिंती लिंपणं हे आमच्याकडे बायकांचं काम. शेण आणि मातीचा गिलावा ओला असतानाच बोटांनी नाहीतर जेवणाच्या काट्याने रेघा ओढायच्या, नांगरलेल्या शेतासारख्या, पाकळ्यांसारख्या. करडी माती कुठेही मिळते. लाल फक्त त्या घळीत, पाखरांच्या दरडीला. म्हणून नियम होता: माती हिवाळ्यात काढायची, बिळं रिकामी असताना. लेहोलींनी चोचीत गवत धरलं की पिल्लं उडून जाईपर्यंत दरडीला कुदळ लावायची नाही. आजीबाई सांगायच्या की लेहोलीचं घर मोडलं तर आपल्या भिंतीला तडा जातो. मी वर्गात सांगायची की बिळांनी पोखरलेली दरड तुमच्याच डोक्यावर येईल. दोन्ही ऐकून बायका नियम पाळायच्या.

सेलोआनेचं लग्न येत्या ख्रिसमसला करायचं ठरलं. मुलगा खाणीतला, चांगला, जरा बडबड्या. लग्नात नवरीच्या घराची भिंत हा तिच्या आईचा मान. नवऱ्याकडच्या बायका आल्या की आधी भिंत बघतात, मग विचारतात कुणाची, आणि नवरीने सांगायचं असतं, माझ्या आईची. मामोएती त्या प्रश्नाची वाट सेलोआने तिच्या पाठीला बांधलेली होती तेव्हापासून बघत होती. मला ते तिने सांगायची गरज नव्हती. पण एकदा सांगितलंच. "बाई, एकदा त्या पोरीने सगळ्यांच्या देखत माझं नाव घ्यावं. मग मला उरलेला जन्म कुणीही मोएतीची आई म्हणा."

त्या हिवाळ्यात ती तापाने अंथरुणाला खिळली होती. लाल माती काढली नाही. म्हणाली, ख्रिसमस लांब आहे, तोवर पिल्लं उडतील, मग काढू. आणि सप्टेंबरअखेर निरोप आला: मुलाची सुट्टी अलीकडे आलीय, लग्न ऑक्टोबरात.

ऑक्टोबरात दरडीतलं एकूण एक बीळ चिवचिवत होतं.

"करड्या मातीवर राखेचे पांढरे पट्टे ओढ," मी म्हटलं. "छान दिसतं."

"करडी भिंत मयताची असते, बाई."

"मग जोहान्सबर्गहून रंगाचा डबा मागव. जाऊ आणेल."

"म्हणजे ती भिंत जावेची झाली." तिने टोपल्या एकात एक घातल्या. "मी अगदी खालून घेते. बिळं वर आहेत, डोक्याच्याही वर. त्यांना कळणारसुद्धा नाही. दोन टोपल्या."

"अगं, खालची काढलीस तर वरची कशावर उभी राहील? हे सांगायला शास्त्र लागतं का?"

"तुम्ही जा वह्या तपासायला."

ती गेली. मी वरून बघितलं. ती वाकून दरडीच्या पायथ्याला कुदळ घालत होती आणि वरती लेहोली आकांत करत होत्या. एकदोनदा ती थांबली, मान वर केली, त्यांच्याशी काहीतरी बोलली. मग परत कुदळ. दोन टोपल्यांच्या चार झाल्या, कारण भिंत मोठी होती.

भिंत मात्र अशी झाली की मी तरी तशी पुन्हा बघितली नाही. दारापासून दोन्हीकडे पाकळ्या, एका पाकळीची रेघ दुसरीत अशी शिरलेली की कुठे संपते ते सापडू नये, आणि ऊन तिरपं झालं की सगळ्या रेघांच्या सावल्या पडून भिंत हललीच म्हणून समजा. सेलोआने शेणाने माखलेल्या हातांनी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मोठी आई, ही तर पेटलीय!"

"हात लावू नकोस, गाढवे. ओली आहे."

त्याच दुपारी गारा पडल्या. आमच्या पीचच्या झाडांवर एक फळ राहिलं नाही. भिंतीला मामोएतीने गोणपाटं बांधली होती, भिंत वाचली. सकाळी धुण्याला गेलेल्या पोरी पळत माझ्याकडे आल्या. दरड कोसळली होती.

मी गेले तेव्हा ती आधीच खाली होती, चिखलात गुडघ्यांवर, हातांनी उकरत. काही पिल्लं सापडली. उपयोग नव्हता. ती परत त्याच मातीत झाकत होती. पण मला आठवतं ते वरचं. जिथे दरड होती तिथे आता नवी, कोरी, ओली माती उघडी पडली होती, आणि लेहोली चोचीत अळ्या, टोळ धरून तिथे येत होत्या. बीळ होतं त्या उंचीवर हवेत फडफडायच्या, मातीला नख्या रोवायला बघायच्या, घसरायच्या, लांब जाऊन परत यायच्या. चोच भरलेली, म्हणून ओरडणंही दबकं. दुसऱ्या दिवशीही येत होत्या. मामोएती नंतर म्हणायची, आईबाप आधी थांबले, शेवटपर्यंत आली ती दुसरीच, राबणारी. मी म्हणायची, इतक्या लांबून तुला कोण कोण ते कसं कळलं? ती म्हणायची, कळलं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. लोक आले, बैल कापला, ज्वारीची बिअर वाहिली. नवऱ्याकडच्या बायकांनी भिंत बघितली आणि रिवाजाप्रमाणे आईकडे वळल्या.

"मासेलोआने, काय हात आहे गं तुझा!"

मासेलोआने शहरी बुटांत अवघडून उभी होती. प्रामाणिक बाई. हसून म्हणाली, "छे हो, मला शेणात हात घालून युगं झाली. आता ओला गिलावा बघितला तरी मालकिणीची लादी आठवते. हे जाऊबाईंचं काम."

आणि सेलोआने, जिला नवरी म्हणून मान खाली घालून गप्प बसायचं होतं, ती उभी राहिली. "ही माझ्या मोठ्या आईची भिंत आहे," ती मोठ्याने म्हणाली. "तिनेच मला वाढवलं. आणि माझ्या घराची भिंतही तीच करणार. दुसऱ्या कुणाचा हात मी लागू देणार नाही."

बायकांनी जिभा नाचवत आनंदाचा गलका केला. सगळ्यांनी मामोएतीकडे बघितलं. जे तिला हवं होतं ते सगळं, मागितलं त्याहून जास्त, ताटात वाढून आलं होतं. ती पायांकडे बघत बसली होती. बायकांना वाटलं लाजली. ती आपली नखं बघत होती. नखांत लाल माती अजून होती.

सेलोआने सासरी गेली, खोऱ्यापलीकडे. मामोएतीने लाल मातीला परत हात लावला नाही. त्यात नवल नाही. पण तिने रेघा ओढणंच सोडलं. सेलोआनेचं घर उभं राहिलं तसे निरोप यायला लागले, मोठी आई कधी येतेय. ही आज दात दुखतो म्हणायची, उद्या गाय व्यायची आहे. तिकडे सासू टोमणे मारायला लागली, म्हणे कुठाय तुझी ती मोठी आई, एकाच भिंतीपुरती होती का? शेवटी सेलोआने स्वतः आली, कडेवर पहिलं मूल. मी चहाला बसले होते.

"मोठी आई, लाल माती नको असेल तर नको. करडी चालेल. तू नुसती ये."

"गुडघे धरलेत गं."

"गुडघे? काल डोंगरावरून सरपणाची मोळी आणलीस. वाटेत भेटले ते सगळे सांगत होते."

"लोकांना दुसरं काम नाही."

"माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मी आईला सोडून तुझं नाव घेतलं. सगळ्यांच्या देखत. ते आवडलं नाही का तुला?"

मामोएती उठून किटलीकडे गेली. "चहा घे. थंड होतो."

सेलोआनेने चहा घेतला नाही. मूल पाठीला बांधलं आणि निघाली. तिच्या घराची भिंत मग तिच्या नणंदेने लिंपली. येणं ख्रिसमसपुरतं झालं, बिस्किटांचा डबा घेऊन, अगदी तिच्या आईसारखं.

मी मामोएतीला बोल बोल बोलले. "तोंड उघड ना. सांग तिला पाखरांचं. पोर रडतेय तिकडे."

"काय सांगू? तुझ्या लग्नाच्या भिंतीसाठी मी पिल्लं गाडली म्हणून? तुम्हाला ठाऊक आहे म्हाताऱ्या काय म्हणतात. उद्या तिच्या संसारात भांडं वाजलं तरी ती त्या दरडीकडे बोट दाखवेल. मूल आजारी पडलं तरी. नको. तिला माझा राग येऊ दे. राग बरा."

"हा शुद्ध मूर्खपणा आहे."

"असेल. तुम्ही शिकलेल्या आहात."

तिने शपथ घातली नव्हती, पण तिच्या जिवंतपणी मी तिच्या शब्दाबाहेर गेले नाही. लेहोलीही त्या दरडीत परत आल्या नाहीत. प्रत्येक वसंतात ती घळीच्या काठावर जाऊन बसायची, धुणं नसलं तरी.

मयताच्या दुसऱ्या दिवशी सेलोआने माझ्याकडे आली. आता तिचेही केस पिकायला लागलेत. खुर्चीवर बसली नाही.

"बाई, खरं सांगा. तिने माझ्या घरात पाऊल का टाकलं नाही?"

मी सांगितलं. सगळं, एका दमात. मला हळूहळू सांगता येत नाही. ऐकताना ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"पाखरांसाठी?" ती म्हणाली.

"तुझ्यासाठी."

"मला वाटत आलं," ती म्हणाली, "की दुसऱ्याची पोर होते, लग्न करून दिलं, सुटली. इतकी वर्षं मला तेच वाटत आलं. मला सांगितलं असतं तर मी तिच्याजवळ बसले असते. दोघी रडलो असतो आणि संपलं असतं. एका दुपारीत संपलं असतं, बाई." मग आवाज चढला. "आणि मी काय इतकी वेडी होते, की भांडं वाजलं की पाखरांना बोल लावीन?"

नव्हती. मी मामोएतीला हेच म्हटलं होतं. पण बरोबर ठरण्याचं मला त्या दिवशी काही सुख झालं नाही.

तिला बसपर्यंत सोडायला गेले. शाळेखाली नव्या रस्त्यासाठी दगडी भिंत बांधलीय, पाणी निघून जावं म्हणून तिच्यात नळ ठेवलेत. त्या नळांत हल्ली लेहोली राहतात. चारा नेण्याची गडबड चालली होती. एका नळात एक पाखरू शिरलं, बाहेर आलं, लगेच दुसरं, मग तिसरं, पायाने जरा लंगडं. बस वळणावर दिसायला लागली तरी सेलोआने तिथेच उभी.

"यातली आई कुठली?" तिने विचारलं.

"मला नाही ओळखू येत," मी म्हटलं. "तिला यायचं."